खतीबचाचांनी ऐकलेली टेप

“...ते सगळं ठीक आहे. पण स्टेशन कुठलं?”

देवस्थळींनी दुसऱ्यांदा विचारलं.

टेपरेकॉर्डर खतीबचाचांनी बंद केला होता, पण बोट अजून बटणावरच होतं.

“भाषा तरी सांगा चाचा. मला फ्रेंच वाटते. मधे एक शब्द येतो...”

“परत लावा.”

देवस्थळींनी टेप मागे घेतली आणि परत लावली.

खरखर. तिच्या तळाशी कुणी तरी पुरुष बोलत होता. शब्द कळत नव्हते, नुसती चाल कळत होती. एखाद-दोन शब्द, मग थांबा. पुन्हा एखाद-दोन शब्द, पुन्हा थांबा. मग खरखर वाढली आणि तो आवाज बुडाला.

चाचा डोळे मिटून बसले होते.

“परत,” ते म्हणाले.

अच्युत देवस्थळी सांगलीचे. टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांना छंद एकच, रेडिओवर लांबची स्टेशनं ऐकण्याचा.

ज्याला हा छंद नाही त्याला तो समजावून सांगणं कठीण. दिवसा मीडियम वेव्हवर आसपासचीच स्टेशनं लागतात. सूर्य मावळायला लागला की वरच्या हवेत काही तरी बदलतं आणि हजारो मैलांवरचे आवाज खरखरीतून वर येऊ लागतात. येतात, दोन-चार मिनिटं राहतात, बुडतात. तेवढ्यात ओळखायचं असतं. भाषा कोणती, वाजतंय काय, तासाच्या ठोक्याला नाव सांगतात का. मग त्या स्टेशनला पत्र लिहायचं, की अमुक तारखेला इतके वाजता आम्ही तुम्हाला ऐकलं. वर्णन खरं ठरलं तर तिकडून पोचकार्ड येतं.

देवस्थळींच्या दिवाणखान्यात अशी अकराशेच्या वर पोचकार्डं होती. काचेखाली, देशवार लावलेली. आलेल्या पाहुण्याला ती बघावीच लागत.

इस्माईल खतीब यांच्याकडे एकही कार्ड नव्हतं.

ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. एकोणतीस वर्षं कानाला हेडफोन आणि बोटाखाली तारायंत्राची किल्ली. खलाशी त्यांना मार्कोनीसाहेब म्हणत. आता त्र्याऐंशीव्या वर्षी ते खाडीच्या तोंडाशी असलेल्या आपल्या गावी राहत. पडवीपासून समोरच्या सुरूच्या झाडापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणलेली होती. रोज दिवस कलला की ते रेडिओपुढे बसत, आणि अंधार दाटला की उठून नमाजाला जात. काय ऐकलं ते कधी लिहून ठेवत नसत.

देशभरातले या छंदातले लोक त्यांना टेपा पाठवत. हे कुठलं स्टेशन, सांगा. चाचा पोस्टकार्डावर एका ओळीत उत्तर पाठवत.

देवस्थळी चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले ते शिकायला नव्हे, परीक्षा घ्यायला. बरोबर अकरा स्टेशनांचे नमुने आणले होते. चाचांनी नऊ ओळखली. दोन वेळा ते म्हणाले, माहीत नाही. ती दोन देवस्थळींना माहीत होती. त्यांनी नावं सांगितली, जरा जोरातच सांगितली.

चाचांनी हात जोडले. म्हणाले, आज दोन नवी कळली.

ते हात जोडणं देवस्थळींना कुठे तरी लागलं. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, मला शिकवा.

त्याच संध्याकाळी शिकवणी सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी संपली. चाचांनी रेडिओची सुई एका जागी आणून ठेवली. म्हणाले, ही हलवायची नाही. दिवस बुडेपर्यंत जे येईल ते ऐकायचं. लिहायचं काही नाही.

वीस मिनिटांनी एक अरबी स्टेशन वर आलं. देवस्थळींचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

चाचांनी रेडिओ बंद केला.

“वही घरी ठेवून या. मग शिकवीन.”

देवस्थळी परत गेले ते धुमसत. ते या छंदातल्या लोकांसाठी एक छोटं मासिक चालवत. पुढच्या अंकात त्यांनी लिहिलं की, पोचकार्ड नसेल तर ऐकणं ही नुसती अफवा असते. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण अंक चाचांना आठवणीने पाठवला.

चाचांचं पोस्टकार्ड आलं. ‘अंक मिळाला.’ एवढंच.

तरीही देवस्थळी दर वर्षी एकदा येत राहिले. का येतो, ते त्यांना सांगता आलं नसतं. यायचे, पडवीत बसायचे, नव्या कार्डांविषयी बोलायचे आणि जायचे. वही बरोबर असायचीच.

यंदा ते एका वर्षात बरेच म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. शर्टाला इस्त्री नव्हती, वरचं एक बटण तुटलेलं होतं. एसटीने घाट उतरून आले होते. पिशवीत जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट, दुसरं काही नाही. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी कॅसेट लावली होती.

चाचांनी तिसऱ्यांदा ऐकलं.

मग टेपरेकॉर्डर स्वतः बंद केला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“त्यांचं नाव काय?”

“तेच तर विचारतोय. हिंदी महासागरातलं एक लहानसं बेट आहे, तिथलं असावं असा माझा...”

“स्टेशनचं नाही. टेपवर ज्या बोलावताहेत, त्यांचं.”



चाचांची सून रुखसाना चहा घेऊन आली. कपबश्या ठेवताना तिने पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खायला काय आणू, हे विचारायचं तिच्या ओठावर होतं, ते न विचारताच ती आत गेली.

“कुंदा,” देवस्थळी म्हणाले.

“तुमच्या पत्नी?”

“होत्या.”

चहावर साय धरली.

मग देवस्थळींनी सांगितलं. एका दमात नाही. थांबून थांबून, मधेच भलतीकडे जाऊन, परत येऊन.

गेल्या पौषातली गोष्ट. त्या बेटावरच्या स्टेशनच्या मागे ते अकरा वर्षं होते. चिमुकलं स्टेशन, भारतात ते कुणी ऐकलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी सुई फिरवता फिरवता नेमक्या जागी काही तरी हललं. अगदी बारीक. पण होतं. त्यांनी टेपरेकॉर्डर उचलून रेडिओच्या स्पीकरपुढे ठेवला आणि चालू केला. घड्याळात सहा छप्पन्न झाले होते. सातच्या ठोक्याला स्टेशन आपलं नाव सांगणार. चार मिनिटं.

तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली.

थोड्या वेळाने आणखी एक आली.

देवस्थळींनी नुसता तळहात वर केला, थांब अशा अर्थाने. स्वयंपाकघरातून तो हात दिसण्याची सोयच नव्हती. पण चौतीस वर्षांच्या संसारात त्या हाताची दोघांनाही सवय झालेली होती. एरवी कुंदाताई दारापर्यंत यायच्या, हात बघायच्या आणि परत जायच्या.

त्या दिवशी त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

सात वाजले. नेमकी तेव्हाच खरखर उसळली आणि नाव तिच्यात गेलं. देवस्थळींनी टेप थोडी मागे घेऊन पाहिली. मग उठले. उठताना चिडलेलेच होते, की दोन मिनिटं धीर धरवत नाही.

कुंदाताई ओट्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. गॅस चालू होता. दूध उतू जाऊन जमिनीवर ओघळलं होतं.

“डोळे उघडे होते,” देवस्थळी म्हणाले. “दाराकडे.”

एक डॉक्टर म्हणाले की, आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी उत्तर दिलं नाही. पहिल्यांचं बोलणं देवस्थळींना आता नीट आठवतही नाही. दुसऱ्यांचं गप्प राहणं मात्र शब्द न् शब्द पाठ आहे.

मुलगी बंगळुरूहून आली. तिने विचारलं की, आईने हाक नाही का मारली? देवस्थळी म्हणाले, माझ्या कानाला हेडफोन होते. ती गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, तुमचा काय दोष.

“तेव्हापासून मी तिच्याकडे सरळ बघू शकलेलो नाही.”

“हेडफोन नव्हते?”

“नव्हते. हेडफोन लावले की स्पीकर बंद होतो. मग टेपवर काहीच आलं नसतं. हीसुद्धा आली नसती.”

चाचांनी मान हलवली. एवढं त्यांना टेपवरूनच कळलं होतं.

“मी ऐकलं होतं, चाचा. दोन्ही वेळा.”

बाहेर खाडीला भरती लागली होती. होड्या बांधलेल्या जागी हलू लागल्या होत्या. कोवळ्या थंडीत मासळीचा वास तेवढा जड वाटत होता.

“म्हणून स्टेशन पाहिजे,” देवस्थळी म्हणाले. “ते बेट असेल तर... म्हणजे, अकरा वर्षं मी त्याची वाट बघत होतो. तेच असेल तर निदान कशापायी बसून राहिलो, ते तरी...”



चाचांनी या छंदातले लोक एकमेकांना विचारतात तसा साधा प्रश्न विचारला. एक ते पाच या मापात स्टेशनचा जोर किती?

“एक.”

“खरखर?”

“खूप.”

“आणि त्यांच्या आवाजाचा?”



“पाच,” देवस्थळी म्हणाले.

“अडथळा?”

“...काही नाही.”

चाचांनी चहाचा कप उचलला, थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि कप बाजूला ठेवला.

“स्टेशन सांगू?”

“सांगा.”

“सांगितल्यावर परत घेता येणार नाही.”

“सांगा, चाचा.”

“ते फ्रेंच नाही. मराठी आहे.”

देवस्थळींनी वर पाहिलं.

चाचांनी टेप चालू केली आणि त्या बुडालेल्या आवाजाबरोबर, त्याच चालीत, हळू आवाजात म्हणत गेले. “हळद... राजापुरी... मग थांबा. गूळ... मग थांबा. बेदाणा...”

टेप पुढे जात होती. एकदा कळल्यावर आता दुसरं काही ऐकूच येईना. हळद. गूळ. बेदाणा. सांगलीच्याच रेडिओ स्टेशनवरचा संध्याकाळचा बाजारभाव.

जवळचं स्टेशन जोराचं असलं की कधी कधी रेडिओ गोंधळतो आणि तेच स्टेशन भलत्याच जागी पुन्हा लागतं. बारीक, अस्पष्ट, लांबून आल्यासारखं. या छंदातले लोक त्याला सावली म्हणतात. नवख्यांनी सावलीला फसू नये म्हणून देवस्थळींनीच आपल्या मासिकात तीन लेख लिहिले होते.

त्या स्टेशनचा मनोरा त्यांच्या गच्चीवरून दिसत असे.

देवस्थळी रडले नाहीत. ताठ बसून राहिले. एकच शब्द बोलले.

“बाजारभाव.”

मग उठून पडवीच्या कठड्यापाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. त्यांचं म्हणणं असं की, चाचांना दुसरं काही सांगता आलं असतं. कुठल्या तरी बेटाचं नाव घेतलं असतं तर भागलं असतं. या देशात त्यांचा शब्द खोटा पाडणारा कोण आहे?

“मी मानलं असतं,” ते म्हणाले. “तुमच्या पाया पडून घरी गेलो असतो.”

“हो,” चाचा म्हणाले.

“मग?”

“एकदा एकीला सांगितलं होतं तसं.”

देवस्थळी खुर्चीवर बसले.

चाचांनी जे सांगितलं ते फार मोठं नव्हतं. रुखसाना दाराआड उभी होती. वीस वर्षं या घरात राहून तिनेही ते त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी समुद्रावरची सगळी जहाजं एका ठरलेल्या जागी रेडिओ लावून असत. मदत मागायची ती तिथेच. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या थांबवायच्या आणि नुसतं ऐकायचं, असा नियम होता. जगात कुठेही असा. कुणी अगदी क्षीण आवाजात बोलावत असेल, तर त्या तीन मिनिटांत तो कानावर यावा म्हणून.

एका संध्याकाळी त्या तीन मिनिटांत चाचांना हाक ऐकू आली. कुठलं तरी जहाज बुडत होतं. आवाज इतका बारीक होता की, श्वास घेतला तरी हरवेल असं वाटत होतं.

“नियम असा की आधी कळवायचं, ऐकलं. मग बाकीचं विचारायचं.”

“हो.”

“मला वाटलं, मी किल्ली दाबली तर तेवढ्यात त्याचा पत्ता निसटेल. समुद्रात नेमका कुठे आहे तो आकडा. म्हणून मी पेन्सिल धरून बसलो.”

त्यांनी जहाजाचं नाव टिपलं. स्वच्छ अक्षरात. ठिकाणाचे पहिले दोन आकडे टिपले. तिसऱ्या आकड्याला तो आवाज खाली गेला. चाचा आणखी थांबले. मग त्यांनी किल्ली दाबली आणि कळवलं, ऐकलं.

तिकडे कुणी नव्हतं.

कप्तानाने जहाज वळवलं. दीड दिवस शोध घेतला. एक लाकडाची फळीही मिळाली नाही.

वर्षभराने मुंबईत एक बाई त्यांना शोधत आली. त्या बुडालेल्या जहाजावर जो रेडिओ ऑफिसर होता त्याची बायको. हाक मारणारा तोच. बाईने कुठे बुडालं ते विचारलं नाही, कसं तेही नाही. कुणाची चूक, काहीच नाही. तिला एवढंच विचारायचं होतं की, त्याची हाक कुणी तरी ऐकली हे शेवटी तिच्या नवऱ्याला कळलं होतं का?

चाचांचा उजवा हात मांडीवर होता आणि पहिलं बोट आपोआप हलत होतं.

“मी म्हणालो, कळलं होतं.”

चाचांनी ते बोट मुठीत धरलं.

“ती उठली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. वयाने माझ्याहून लहान होती. आणि गेली.”

पुढे दर ईदेला तिचं पत्र येत राहिलं. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजीतून चार ओळी. तब्येत कशी आहे, मुलं कशी आहेत. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती आभार मानत असे. बेचाळीस पत्रं आली. मागच्या ईदेला आलं नाही.

“तिला खरं सांगायचं होतं,” चाचा म्हणाले. “दर वर्षी ठरवत होतो.”

आत रुखसानाने दिवा लावला. उजेडाची एक पट्टी पडवीत आली. खाडीपलीकडे सूर्य टेकला होता. रोज या वेळेला चाचा रेडिओ लावत. आज त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

देवस्थळींना काही तरी विचारायचं होतं. मग इतकी वर्षं इथे बसून तुम्ही काय ऐकता, असं. 

त्याऐवजी त्यांनी टेपरेकॉर्डर जवळ ओढला, कॅसेट बाहेर काढली आणि हातात धरून बसले. मग बोलू लागले ते चाचांशी, की त्या कॅसेटशी, कळत नव्हतं. येताना त्यांनी ठरवलं होतं की, स्टेशनचं नाव कळलं की ही खाडीत टाकून द्यायची. घरी दोनदा पेटत्या गॅसपर्यंत नेली होती. एकदा हातोडीही काढली होती. पण होत नव्हतं. घरात साडेचारशे कॅसेटी आहेत. आफ्रिकेतली स्टेशनं आहेत, चीनमधली आहेत, जी आता जगात उरलेलीही नाहीत अशी आहेत.

“तिचा आवाज कशातच नाही,” ते म्हणाले. “मी कधी घेतलाच नाही. चौतीस वर्षांत... एवढ्या एकाच टेपवर आहे. आणि ते हे आहे.”

वर्षभर जे अडकलं होतं ते आता आलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रुखसाना दारातून पुढे आली, कपबश्या उचलल्या आणि आवाज न करता आत घेऊन गेली.

चाचांनी त्यांना रडू दिलं. समजूत घातली नाही. पाठीवर हात फिरवला नाही.

रडणं ओसरल्यावर त्यांनी हात पुढे केला.

“द्या इकडे.”

देवस्थळींना वाटलं, चाचा ती ठेवून घेणार. कदाचित स्वतःच टाकून देणार. त्यांनी कॅसेट दिली, आणि देताना बोटं पटकन सुटेनात.

चाचांनी ती परत टेपरेकॉर्डरमध्ये घातली. मागे घेतली, कानाजवळ नेऊन जागा शोधली. हाकेच्या जरा अलीकडे आणून ठेवली. मग टेपरेकॉर्डर देवस्थळींच्या समोर, अगदी त्यांच्या गुडघ्यांशी ठेवला.

“नको, चाचा.”

चाचांनी बटण दाबलं.

खरखर. हळद. राजापुरी. गूळ.

देवस्थळींचा हात टेप बंद करायला पुढे गेला. चाचांनी मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“अहो...”

स्पष्ट आवाज. थोडा दमलेला. आतल्या खोलीतून यावा तसा.

खरखर चालू राहिली. बेदाणा. थांबा.

“अहो, जरा येता का...”

चाचांनी टेप थांबवली.

पडवीत काही वाजत नव्हतं. आतही नाही. देवस्थळी चाचांकडे बघत राहिले.

“ती नाहीये, चाचा. वर्ष झालं.”

चाचांनी मनगट सोडलं नाही.

“ओ द्या, अच्युतराव.”